खोकणाऱ्याची प्रकृती

एकाच पंगतीत जेवून एकाला समाधानाचा ढेकर येतो आणि दुसऱ्याला रात्रभर जुलाब होतात. यात आचाऱ्याचा दोष नसतो. असता तर दोघांनाही जुलाब झाले असते. होमिओपॅथीत याला वैयक्तिक संवेदनशीलता म्हणतात. अंबडच्या एका कारखान्याने हे तत्त्व जितकं मनापासून स्वीकारलं, तितकं डॉक्टर लोकांनीही स्वीकारलेलं माझ्या पाहण्यात नाही.

या कारखान्यात नटबोल्टांवर चकाकी चढवतात. त्यासाठी ॲसिडच्या टाक्या आहेत. टाक्यांवरची वाफ बाहेर ओढणारा पंखा दिवाळीपासून बंद आहे. (बिघडलेला नाही, दुरुस्तीच्या मंजुरीत आहे.) टाक्यांवरची माणसं खोकू लागली, तेव्हा साहेबांनी मिस्त्रीला न बोलावता होमिओपॅथीच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. यात माणुसकी दिसते. मिस्त्री पंख्याकडे बघतो, डॉक्टर माणसाकडे.

पहिला नंबर देवरामचा लागला. हा सुरगाण्याचा, कंत्राटावरचा, आणि खोकल्यात सर्वांच्या पुढे. सुपरवायझर नवनाथ दारात उभा राहिला.

"झोपताना पांघरूण लागतं?" बाईंनी विचारलं.

"मिळालं तं लागतं."

"स्वप्नं कसली पडतात?"

"पंख्याची."

"भीती कशाची वाटते?"

देवरामने दाराकडे पाहिलं. "कामावरून काढतील, त्याची."

"मॅडम, हे मानसिक लक्षण आहे," नवनाथ म्हणाला. "लिहून घ्या."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आधी पंखा सुरू करा. कारण तसंच ठेवून औषध देणं आमच्या शास्त्रात बसत नाही." त्यावर बाईंची स्वतःचीच प्रकृती चिडखोर असल्याचं साहेबांच्या ध्यानात आलं. त्यांना चहा देऊन परत पाठवण्यात आलं. शास्त्र मात्र ठेवून घेतलं.

कारण देवरामच्याच टाकीवरचा सलाउद्दीन अजिबात खोकत नव्हता. तीच वाफ, तीच पाळी. म्हणजे खोट वाफेत नव्हती, हे सिद्ध झालं. गेटवर त्याचा फोटो लागला: 'निकोप प्रकृती'. तो डाव्या कुशीवर झोपतो, चहाबरोबर हिरवी मिरची खातो आणि मेहुण्याशी रोज भांडतो, असं चौकशीत निघालं. सर्वांनी तसंच वागावं, असा हुकूम सुटला. (ज्यांना मेहुणा नाही, त्यांना साडू चालेल.) आणि महिनाअखेरीला एक समारंभ ठरला; त्यात जो खोकेल, त्याची प्रकृती कारखान्याला मानवत नाही असं समजून त्याचं कंत्राट वाढवलं जाणार नाही.

देवरामने आठवडाभर मिरच्या खाल्ल्या. खोकला तसाच राहिला, वर पोटही बिघडलं. शेवटी त्याने सलाउद्दीनला गाठलं.

"भाई, तुला खोकला कसा नाय रं?"

"कोण बोललं नाही? लय आहे. तो शेजारचा प्रेस धाडकन पडतो ना, तेव्हाच खोकायचं. मध्ये गिळायचा. आणि मिरच्या बंद कर बाबा, ते मी साहेबांना उगाच सांगितलं होतं."

दोन दिवसांत अख्खं खातं निरोगी झालं. लोखंड ठोकणारा तो प्रेस पडला की सगळे एकदम खोकत, प्रेस वर गेला की सगळे एकदम निकोप. खोकलाच नाही, म्हणजे पंख्याची गरज उरली नाही. मंजुरीची फाईल बंद झाली. शास्त्राचा असा झटपट गुण क्वचितच दिसतो.

समारंभाला आम्हा शहरातल्या चार वडीलधाऱ्यांना बोलावलं होतं. 'खोकलामुक्त विभाग' अशा पाटीवरचा पडदा साहेब ओढणार, तोच वीज गेली. प्रेस थांबला. इतकी शांतता झाली, की टाकीतले बुडबुडे ऐकू येऊ लागले. माणसं ओठ घट्ट मिटून उभी होती. देवरामच्या मानेच्या शिरा तटतटल्या, डोळ्यांत पाणी उभं राहिलं. नवनाथ वही उघडून त्याच्याच समोर उभा होता.

साहेबांनी दोरी ओढली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, जरा जास्तच जोराने, कारण चहाबरोबर काजूही होते. त्या कडकडाटात देवराम पोटभर खोकला. त्याचं कंत्राट वाढलं.

हे वाचताना तुम्ही दोनतीनदा हसलात. बरं केलंत. तेवढ्यात त्याने खोकून घेतलं. आता लगेच गप्प होऊ नका. त्याचं अजून व्हायचं आहे.