कॉन्व्हेंटाचे रडपायरीची हकीकत

मेरीमाउलीचे चरणी मस्तक ठेवून, वाचणारांस आयुरारोग्य आणि त्यांचे बाळांस गाढ झोप चिंतून लिहिले ऐसे जे: शके अठराशे चौऱ्याण्णव, परिधावी नाम संवत्सर, वैशाखमासी समुद्रकाठचे एका राज्यात मोठा पेच पडला. राज्य म्हणजे शंभर वर्षांचे कॉन्व्हेंट; वर सिस्टरांच्या खोल्या, खाली शाळा. पूर्वी चार सिस्टरा मचव्यातून उतरल्या आणि किनाऱ्याचा दगड आणवून भिंती उभारविल्या, मग वादळाने कौले नेली ती फिरून शाकारिली, मग प्लेगाचे साली वर्गांतून खाटा मांडिल्या, आणि भिंती सर्व सोसून उभ्या राहिल्या. दाराशी एक रुंद पायरी, तीस रडपायरी म्हणत. रिवाज ऐसा की, शाळेचे पहिले दिवशी नवे मूल आईसह तेथे बसावे, पोटभर रडावे, आणि शेवटले मूल निवेतो घंटा वाजवू नये. बसून बसून दगडास खळगा पडला.

मग मदर लिओकादिया गादीवर आल्या. शिस्तीच्या कडक, परंतु मनाच्या वाईट नव्हेत. खळग्यातले पाण्यावरून एक मुलगी घसरली, हनुवटीस टाके पडले, तेव्हा हुकूम जाहला, "पायरी काढा, सिमेंटची घाला. आणि घंटा आठाच्या ठोक्याला. रडायचं ते घरी रडून यावं." हे ऐकून बालवर्गाच्या वृद्ध सिस्टर अपोलिना कासावीस जाहल्या आणि अर्ज केला, "मदर, आया बसतील कुठं? दारातच हात सोडवावा लागेल हो पोरांचा." मदर बोलिल्या, "जिची हनुवटी फुटली, तिच्या आईला हे सांगाल?" मग इनास गवंडी पहार घेऊन आले आणि तोड काढिली, "दगड झकास आहे, मदर. पालथा घालतो. खालची बाजू कोरीकरकरीत निघंल." उभयतांस मानवले. दोन गडी लावून दगड उलथिला, तो खालचे अंगीही तैसाच खळगा! "आयला!" म्हणोन इनासांनी जीभ चाविली आणि घाईने छातीवर क्रूस काढिला. "माफी, मदर. पण माझ्या आधीच कोणीतरी पालथा घातलाय हा!" तेव्हा सिस्टर अपोलिना वाकल्या, खळग्यात हात फिरविला आणि बोलिल्या, "मी चार वर्षांची होते तेव्हा हीच बाजू वर होती. इथं आई बसली होती. मी तिच्या मांडीवर." मदरांनीही वाकून खळगा पाहिला. मग पुसिले, "इनास, तिसरी बाजू नाही ना?" "दगडाला कुठली, मदर!" "मग हाच बसवा. पाणी जायला छिन्नीनं पन्हळ पाडा." "कुठली बाजू वर?" "सिस्टरांची." सिस्टरांनी हळूच विचारिले, "आणि घंटा?" मदर जिना चढून गेल्या.

ज्येष्ठमासी शाळा उघडली. सर्व मुले निवाली, एक राहिले, ते आईचा पदर सोडीना. आठ वाजून गेले आणि मदर खासा घंटा हाती घेऊन जिना उतरल्या. सिस्टर अपोलिना आडव्या जावयास निघाल्या. तो मदर त्या माउलीशेजारी पायरीवर टेकल्या, घंटा मांडीवर घेतली आणि आवाज होऊ नये म्हणोन लोलक मुठीत धरिला.

राज्य अद्याप उभे आहे, पन्हळीतून पाणी जाते, पहिले दिवशी घंटा उशिरा होते. रडपायरीची हकीकत इतकीच.