उंचावरची चटणी

आगर गावच्या ताराकाकी सुकटीची, म्हणजे उग्र वासाच्या वाळवलेल्या बारीक कोलंबीची, चटणी चाखण्यापूर्वी एका नाकपुडीत कापूस घालतात आणि शेजारी मिक्सर रिकामाच फिरवत ठेवतात. हा वेडेपणा नव्हे. ही विमानाची प्रतिकृती आहे.

विमानांच्या बातम्या काकी एरवी करमणूक म्हणून वाचत. मोर घेऊन विमानात चढू पाहणाऱ्या बाईची गोष्ट त्यांनी साऱ्या आळीला साभिनय सांगितली होती. मात्र एक बातमी त्यांनी मनावर घेतली: उडत्या विमानात कोरडी हवा आणि इंजिनांचा आवाज यांमुळे मीठ आणि गोड जिभेला कमी जाणवतं. त्यांचा मुलगा नीलेश कॅनडाला गेला, तेव्हा वाटेत खायला त्यांनी हीच चटणी दिली होती. उतरल्यावर तो फोनवर एवढंच म्हणाला होता, "छान होती."

"वर चवच लागत नाही, तर छान कशी लागली?" काकींचा प्रश्न बिनतोड होता.

तेव्हापासून कुणी त्यांच्या हाताची स्तुती केली की उत्तर ठरलेलं: "हे खाली झालं. वर काय?"

"मला खालीच जेवायचंय," काका कळवळून म्हणत. "मीठ आवर!"

तेव्हा काकी दोन्ही नाकपुड्यांत बोळे घालत. मी शेजारची, अन्नतंत्रज्ञान शिकलेली, त्यामुळे मला राहवलं नाही. "काकी, दोन्ही नाकपुड्या बंद केल्या तर वास पूर्ण जातो. विमानात तो फक्त कमी होतो."

"मग आधी सांगायचं ना, बाय!" त्यांनी तत्क्षणी एक बोळा काढून टाकला. एका वेळी एकच घटक बदलण्याची शिस्त मला प्रयोगशाळेने लावली. काकींकडे ती उपजत होती.

२०१९ मध्ये मी पुढील शिक्षणासाठी जर्मनीला निघाले. काकींनी चटणीची पुडी हातात ठेवली. "छान म्हणू नकोस हां. काय असेल ते खरं सांग."

उतरल्यावर फोन केला. मागे मिक्सर घरघरत होता.

"काकी, तिखट पोचलं, लसूणही पोचली. मीठ कमी पडलं. आणि पुडी सोडल्याबरोबर शेजारच्या माणसाने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं."

मिक्सर थांबला. एवढी खटपट मी एका वाक्यात निकालात काढली, असं मला वाटून गेलं.

"नीलेश वासाचं काहीच बोलला नव्हता," काकी म्हणाल्या. मग हळूच, "तू उघडलीस बाय, पुडी."