जवारीचं पोट

कमलम्मांनी सिनेमावाल्यांना तीन वेळा नाही म्हणून सांगितलं होतं. बाळीवेशीतलं त्यांचं घर जुन्या धाटणीचं, अंगण मोठं, म्हणून रजा टाकून पहिला सिनेमा काढणाऱ्या महेश्वरचा जीव त्या घरात अडकला होता. चौथ्या वेळी त्यानं नायिकेला पुढं केलं. प्रियदर्शनी नुकतीच पोट बांधून बघत होती, ते तसंच घेऊन आली. चादरीचा तुकडा, आत कापूस, वर हिरवी साडी.

कमलम्मांनी दार उघडलं आणि त्यांची नजर खाली गेली.

"अय्यो शिवा! कितवा गं?"

"आठवा," प्रियदर्शनी म्हणाली. सिनेमात तिला आठवाच होता.

"आन उनात हुबी काय? आत ये की!"

ती आत गेली, मागोमाग कॅमेरा गेला आणि घर मिळालं. खरं काय ते सांगायची वेळ तेवढी निघून गेली.

बारा वर्षं हौशी नाटकांतून प्रियदर्शनीनं शेजारणी, नर्सा आणि एकदा प्रेत अशा भूमिका केल्या होत्या. मुख्य भूमिका ही पहिलीच. पण कमलम्मांपुढं अभिनय करणं कॅमेऱ्यापेक्षा अवघड निघालं. कारण दर दोन तासांनी शॉट थांबायचा. एकदा हुग्गीसाठी, म्हणजे गव्हाच्या खिरीसाठी, वर वाटीभर तूप. एकदा शेंगापोळीसाठी. मध्येच पाय वर करून पडायला. जिना चढायचा शॉट कमलम्मांनी परस्पर रद्द केला.

"काकू, कथेत आहे ते!" महेश्वर काकुळतीला आला.

"मग कथा खालच्या मजल्यावर घे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कथा विचारली. एक बाई मैत्रिणीचं मूल आपल्या पोटात वाढवते, असं महेश्वरनं समजावून सांगितलं. कमलम्मांनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"बी दुसऱ्याचं, आन वागवायचं हिनं? असं कोण कुणासाठी करतंय? खोटं हाय तुझं पिच्चर."

एवढं खाल्ल्याची प्रियदर्शनीला लाज वाटू लागली, म्हणून तिसऱ्या दिवशी तिनं मंगळवेढ्याहून माहेरच्या शेतातल्या जवारीचं पोतं आणून दिलं. कमलम्मा मैंदर्गीच्या, त्यांचे यजमान शिवलिंगप्पा तर मैंदर्गीच्या जवारीपुढं दुसरं धान्यच न मानणारे. ते नेमके आठ दिवस तिथल्याच शेतावर गेले होते, म्हणून ते पोतं घरात शिरलं आणि आतल्या खोलीच्या कोपऱ्यात बसलं.

शेवटच्या दिवशी ग्रहण होतं. सूर्याचं, दुपारी चारपासून. महेश्वर खूष होता. ग्रहणाच्या मळकट उजेडात शेवटचा शॉट घ्यायचा, नायिका पोट सावरत अंगणातून दारापर्यंत जाते, आणि सिनेमा संपतो. सहा वाजता भाड्याचा कॅमेरा पुण्याला परत जाणार होता. हा शॉट नाही तर सिनेमाला शेवट नाही आणि प्रियदर्शनीचा सिनेमाही नाही.

पावणेचारला कमलम्मांनी तिला आतल्या खोलीत नेलं, खाटेवर उताणी झोपवलं आणि बाहेरून कडी घातली.

"काकू, दार उघडा!" महेश्वर धावत आला.

"गिराण सुटू दे. तसं आमच्यात गिराणाचं एवढं न्हाय. पण पोटातल्या लेकराचा जुगार मी न्हाय खेळायची."

"कॅमेरा परत जातोय हो सहाला!"

"जाऊ दे की. कॅमेरा परत मिळंल. लेकरू कुटं मिळतंय?"

महेश्वर घड्याळाकडं बघत राहिला. पाच मिनिटं गेली. मग आतून आवाज आला, "काकू, आत या. एकट्याच या."

कमलम्मा आत गेल्या. प्रियदर्शनीनं नाडी सोडली आणि पोट काढून खाटेवर ठेवलं. कमलम्मांनी पोटाकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि त्या भुईवरच बसल्या.

"खोटं हाय?"

"व्हय."

"आन हुग्गी?"

"ती खरी खाल्ली, काकू. दोन किलो वाढलंय माझं वजन."

कमलम्मांना फार वाईट वाटलं. तुपाचं नव्हे. मुलगा बंगळूरला गेल्यापासून त्यांच्या हातचं दुसऱ्यांदा मागून खाणारं घरात कोणी राहिलं नव्हतं.

"बाळंतपण करणार हुते की गं मी तुझं," त्या म्हणाल्या. "शेगडी बी काढून ठिवली."

प्रियदर्शनी त्यांच्या शेजारी भुईवर बसली. "मला आई न्हाय काकू. पयल्या दिवशी वाटलं, सांगितलं तर घर जाईल. मग वाटाय लागलं, तुमी जाल."

मग कमलम्मांनी ते पोट दोन बोटांत धरून उचललं.

"ह्येला पोट म्हणत्यात? कापूस नुस्ता! म्हणून तू चिमणीवानी टुणटुण चालतीस. पाच दिवस बघते मी. म्हणलं, आजकालच्या पोरी काटक असतील."

त्यांनी टाके उसवले, कापूस काढला, कोपऱ्यातलं पोतं ओढलं आणि मंगळवेढ्याची जवारी मापानं आत ओतली. सात-आठ किलो तरी भरली असेल. दाभणानं तोंड शिवून टाकलं. "घे. आता बाईवानी चाल."

प्रियदर्शनीनं उत्साहानं ते हिसका देऊन उचललं आणि तिच्या कमरेत उसण भरली.

"अव्वाऽ!" ती ओरडली आणि खाटेवर आडवी झाली. आता खरोखरच उठता येईना.

बाहेर उजेड मळकट होऊ लागला होता. महेश्वर दाराशी डोकं धरून बसला. "चेहरा कालच घेतलाय. आज नुसतं पोट आणि त्याच्यावरचा हात पाहिजे होता." त्यानं स्वतः पोट बांधून बघितलं, पण हातावरचे केस कॅमेऱ्यात स्पष्ट दिसत होते.

कमलम्मांनी खाटेवरच्या प्रियदर्शनीकडं बघितलं. ती छताकडं तोंड करून रडत होती, कारण कूस बदलता येत नव्हती.

"आण हिकडं," कमलम्मा म्हणाल्या.

"काकू, ग्रहण लागलंय!" महेश्वरच म्हणाला.

"जवारीला कसलं गिराण?"

हिरवी साडी नेसून, पोट बांधून बासष्ट वर्षांच्या कमलम्मा अंगणात उतरल्या. एक हात पोटावर, एक कमरेवर. ओझं खरं होतं, त्यामुळं चालही खरी होती. खाटेवरूनच मान वळवून प्रियदर्शनी खिडकीतून डोळे पुसत बघत होती. दारापर्यंत चारच पावलं उरली आणि बाहेरून कोणीतरी दार उघडलं.

एस.टी.ला उशीर झाल्यानं आत्ता पोचलेले शिवलिंगप्पा हातात पिशवी घेऊन उंबऱ्यात उभे होते. त्यांनी बायकोकडं बघितलं. मग पोटाकडं बघितलं.

"अगं," ते हळूच म्हणाले, "आठच दिवस झालं की मला जाऊन."

कॅमेरा चालूच होता. तो थांबवायचं कोणालाच सुचलं नाही.

"माझं न्हाय हो हे," कमलम्मा धापा टाकत म्हणाल्या. "तिचं हाय. तिला वागवंना, म्हणून मी वागवते."

महेश्वरनं हा संवाद लिहिला नव्हता. सिनेमात तो तसाच राहिला, शिवलिंगप्पांच्या चेहऱ्यासकट.

प्रियदर्शनीची उसण उतरायला दहा दिवस लागले. शेगडीचा शेक, अंगाला तेल, डिंकाचे लाडू. कमलम्मांनी कबूल केलेलं बाळंतपण यथासांग पार पडलं.

शिवलिंगप्पांनी सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली होती. खोटं पोट, सिनेमावाले, घरात पोरगी, कशालाच त्यांची हरकत नव्हती. त्यांनी फक्त त्या पोटाचं तोंड उसवून चार दाणे तळहातावर घेतले आणि विचारलं, "ही जवारी कुठली?"

"मंगळवेढ्याची. तिच्या माहेरची."

"घरात मैंदर्गीची तीन पोती असताना?" शिवलिंगप्पा म्हणाले, आणि दोन दिवस बायकोशी बोलले नाहीत.