सव्वीस घरांची दुरुस्ती

एक भोक बुजवायचं, एवढंच मी ठरवलं होतं. बुजवायचं, चहा प्यायचा आणि गप पडायचं. माझ्या हातून आयुष्यात याआधी एवढं मोठं नुकसान झालं नव्हतं, आणि ते मी इतकं मन लावून केलं हेच जास्त बोचतं.

मी उखर्डू मिस्तरी. शिक्षण चौथी, तेही मास्तर कंटाळले म्हणून. पन्नास वर्षं सुतारकाम केलं. जळगावच्या मेहरूणमधल्या निम्म्या घरांची दारं माझ्या हातची. (उरलेल्या निम्म्यांची पावसाळ्यात लागत नाहीत.) आता गुडघे गेले आणि घरात लेझर कटर आलं.

ते आणलं आमच्या समाधानने. माझा मुलगा, वय छत्तीस, कारखान्यात पाइपांची ड्रॉइंगं काढतो. मशीन बसवलं कुठं, तर माझ्या कामाच्या खोलीत, माझ्याच बाकावर. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, आत फळी ठेवायची, झाकण लावायचं. आत उजेडाची सुई फिरते नि फळी कापून मिळते. करवत नाही, घाम नाही, शिवी नाही. धूर तेवढा होतो. तो पाइपाने खिडकीबाहेर सोडलाय, शेजारच्या गिरधरच्या वाळत घातलेल्या बनियनांवर. आणि फळी तरी कसली, भुसा दाबून केलेला पुठ्ठा. त्याला लाकूड म्हणायचं तर मला कलेक्टर म्हणा.

बरं, एवढ्या मशीनवर हा काय कापतो? वीतभर उंचीची घरं. ती टेबलावर मांडायची, त्यांच्यात बोटाच्या पेराएवढे सैनिक उभे करायचे, फासे टाकायचे, पट्टीने अंतर मोजायचं आणि लढाई करायची. केस पिकायला आलेली माणसं. एकदा संध्याकाळी मी विचारलं, "कोण जिंकलं?" तर म्हणे, "आबा, अजून तिसरीच फेरी आहे." सकाळपासून बसले होते.

त्या रविवारी धुळ्याहून प्रेमराज म्हणून त्याचा मित्र आणि आणखी तिघं खेळायला येणार होते. त्यांच्यासाठी समाधान तीन महिने एका गावावर खपत होता. सव्वीस घरं. शुक्रवारी कंपनीच्या कामाने धुळ्याला निघाला तेव्हा म्हणाला, "आबा, रविवारी सकाळी त्यांना घेऊनच येतो. तोवर खोलीतल्या कशाला हात लावू नका."

हात लावू नका. माझ्या खोलीत. मला.

शनिवारी सकाळी मी पटाशी शोधायला आत गेलो. (पटाशी खिशातच होती.) घरं ओळीने मांडलेली. एकेक उचलून बघितली. एकाची भिंत वरून उंदराने कुरतडल्यासारखी. दुसऱ्याच्या छपराला वाटी जाईल एवढं भोक. तिसऱ्याचा जिना मधेच संपलेला, वर जाणारा माणूस सरळ देवाघरी. सव्वीसच्या सव्वीस नासलेली. मशीन बिघडलं होतं, आणि पोराला ते कळलं नव्हतं, किंवा कळून शरमेने गप्प होता. आमचं तसं बोलणं कमीच. उद्या धुळ्याची माणसं येणार, हे बघणार आणि म्हणणार, मिस्तरीच्या पोराचं काम.

मी छपराचं ते एक भोक बुजवलं. भुशात फेविकॉल कालवला, चिपाटी बसवली, घासून घेतलं. छान झालं. इतकं छान की खालची भिंत त्याहून भिकार दिसायला लागली. भिंत केली, तर शेजारचं घर डोळ्यात खुपायला लागलं.

दारात द्रौपदाबाई येऊन उभी राहिली. माझी बायको, माहेर साक्रीकडचं. इतकी वर्षं जळगावात राहून तिने तिकडची बोली सोडली नाही. मलाही सोडलं नाही.

"पोऱ्यानी सांगेल शे ना, हात लावू नका?"

"त्याला काय कळतं. भिंती बघ."

"भिंती तेन्या, घर तेनं. तुमले कोनी सांगं?"

"पाहुण्यांसमोर हसं होईल त्याचं."

"व्हई ते तेनं व्हई. जेवाले चला."

गेलो नाही. संध्याकाळपर्यंत अख्खं गाव उभं केलं. भिंती ओळंब्यात, छपरं बंद, जिने वरपर्यंत. मशीनने काळ्या केलेल्या कडा खरवडून काढल्या. दारांना पत्र्याच्या बिजागऱ्या लावल्या. एका घराला ओटा काढला, कारण ओट्याशिवाय माणूस बसेल कुठं? कुठल्याही कोपऱ्यात काटकोनाचा गुण्या लावा, केसाचा फरक नाही. मनात म्हटलं, उद्या पोरगं चारचौघांत एवढंच म्हणेल, आबा, तुम्ही होतात म्हणून. जास्त नको.

रविवारी नऊला ते आले. समाधान सगळ्यांत पुढे होता. दारातच थांबला. मागून प्रेमराजने डोकं घातलं.

"तू तर म्हणाला होता, बॉम्ब पडलेलं गाव आहे."

"होतं," समाधान म्हणाला.

"ही तर हाउसिंग सोसायटी आहे."

मी म्हटलं, "मशीन बिघडलं होतं तुझं. मी सगळं सरळ केलं."

"आबा, ते गाव पडकंच होतं. मी पडकंच काढलं होतं. एकेका भोकाला दोन-दोन दिवस लावले."

"भोक मुद्दाम?"

"त्यातून सैनिक गोळी मारतात. छपरातून हात घालून त्यांना आत ठेवायचं असतं. आता आत जाणार कसे?"

"दार आहे की. बिजागरी लावलीय."

प्रेमराज खिडकीकडे तोंड करून गिरधरच्या बनियनांकडे बघायला लागला. त्याचे खांदे हलत होते.

समाधान चिडला असता तर मीही चिडलो असतो, आणि आमचं नेहमीसारखं भागलं असतं. तो चिडला नाही. बाकावर बसला आणि ओट्याचं घर हातात घेऊन नुसता फिरवत राहिला. खेळ अकराला. नवीन कापायला तीन महिने.

"आबा," तो म्हणाला, "कुठं काय चिकटवलंय ते तुम्हालाच माहीत. तोडून द्याल?"

पन्नास वर्षांत मी माझं काम मोडलेलं नाही. गिऱ्हाइकांनी मोडलं, त्यांच्या पोरांनी मोडलं, मी नाही. पटाशी घेतली तर हात चालेना. प्रेमराज शेजारी येऊन बसला.

"काका, बॉम्ब उत्तरेकडून आलाय."

"उत्तर कुठंय?"

"त्या चार्जरकडे."

मारली. भिंत गेली. फेविकॉलने जिथं धरलं होतं तिथं धरून राहिलं, बाकीचं चिरफाळत निघालं. कडा अशी फाटली की खरंच तिथं कोणी मेलं असावं. मशीनच्या भोकांना गोलाई होती, चहाच्या बशीसारखी.

"आयला," प्रेमराज म्हणाला. "समाधान, हे बघ. हे मशीनला जमणार नाही."

मग बाकीचे तिघंही गोळा झाले. हे पाडा, ते उडवा, इथून रणगाडा घाला. दार नीट लागलं तर सुताराचं नाव कोणी घेत नाही, लागलं नाही तर सगळे घेतात. माझ्या जोडकामाला कोणी कधी वाहवा म्हटलं नव्हतं. त्या दिवशी फटक्याफटक्याला म्हणत होते. एक जण म्हणाला, "धुळ्याला माझे दोन पूल आहेत काका, तेवढे मोडून द्या ना."

द्रौपदाबाई चहा घेऊन आली. "काल बांधं, आज तोडं. सरकारी काम शे का?"

ओट्याचं घर मी शेवटी ठेवलं होतं. तेही मोडलं. अकराला पाच मिनिटं कमी असताना गाव पुरतं उद्ध्वस्त झालं आणि खेळ वेळेवर सुरू झाला.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर समाधान स्वतःहून माझ्याजवळ येऊन बसला. असा तो बऱ्याच वर्षांत बसला नव्हता. गावाचा फोटो त्याने त्यांच्या ग्रुपवर टाकला होता. "आबा, खाली तुमचंही लिहिलंय," म्हणाला.

मी चष्मा लावला. छाती जरा फुगली, खोटं कशाला बोलू. एकेक अक्षर जुळवत वाचलं:

'आराखडा आणि कटिंग: समाधान. नासधूस: वडील.'

खाली एकशे बारा जणांनी अंगठे दिले होते. द्रौपदाबाईने मोबाइल हातात घेतला, माझ्यापुढे धरून मला मोठ्याने वाचायला लावलं, आणि परत देत म्हणाली, "बरोबर लिखेल शे पोऱ्यानी."