साळूकाकूचं राहिलेलं भाषण

आमच्या निमोण्याच्या आप्पांफुडं मेलेल्या माणसाला चांगलं म्हणायची सोय न्हाई. कुणी नुसतं "माणूस लई चांगला व्हता हो" म्हणलं की आप्पा काठी आपटत्यात. "चांगला म्हंजी काय? शेंगदाणा हाय का तो, निवडून ठेवायला? एक दोष सांग. खरा!"

हेच आप्पा तीस वर्षं घोडनदीच्या घाटावर दशक्रियेला भाषणं करायचे. तवा त्यांच्या तोंडी समदे मेलेले "मनमिळाऊ, धार्मिक आन् परोपकारी" असायचे. शेजाऱ्याचा बांध कोरून कोरून ज्यानं दीड एकराचं दोन एकर केलं, तो बी परोपकारी. कावळा पिंडाला शिवायचा, पोटभर खायचा, झाडावर जाऊन डुलकी काढायचा, तरी आप्पांचं "जाता जाता शेवटचं सांगतो" चालूच. मला पक्कं म्हाईत, कारण माईक माझा. मंडप आन् स्पीकरचा धंदा हाय माझा. शाळा दुसरीपत्तूर. तिसरीच्या वर्गात गेलो तो थेट गॅदरिंगचा स्पीकर लावायला. भाषण लांबलं की मी हळूच आवाज कमी करायचो. आप्पांना वाटायचं, लोकांना गहिवर आलाय.

मग करोना आला. घाटावर गर्दीला बंदी. माणसं दवाखान्यातनं परस्पर गेली. भाषण न्हाई, काय न्हाई. त्यातच आप्पांची साळूकाकू गेली. सगळ्या गावाची भाषणं केलेल्या माणसाच्या बायकोला मातर दोन शब्द मिळालं न्हाईत.

बंदी उठली तसे आप्पा माझ्या गोडाऊनला आले. "तुझ्या खुर्च्या रिकाम्याच हायेत न्हवं? रविवारी दुपारी गोल मांड. ज्यांची भाषणं राहिली, त्यांची आपण लिवून काढायची."

"आप्पा, मला लिवाया येत न्हाई."

"तोंडानं लिव. आन् माईक लाव."

"पाच-सात माणसाला माईक कशाला?"

"माईकफुडं माणूस खोटं बोलताना दमतो. मला इचार."

तवापासनं दर रविवारी आमची लेखकांची बैठक भरती. एका बाजूला कनाती, एका बाजूला नवरा-नवरीच्या लाल खुर्च्या, मधी आमी लेखक. सुनंदाताई आशावर्कर. करोनात दारोदार ताप मोजत फिरली, आन् तिचाच थोरला भाऊ गेला. तिनं वहीभर लिवलं, पर आप्पा ऐकंनात. "दोष?" शेवटी ती म्हणली, "दादा माझ्या ताटातला पापड चोरायचा," आन् जी रडाय लागली! आप्पा म्हणले, "हां. आता आला तुझा भाऊ." कंपनीतला बिहारचा राजेश खोलीतल्या जोडीदाराबद्दल लिवून आला. "साला मेरी चप्पल पहनके जाता था," इतकंच वाचलं आन् बसला. हिंदी व्हती, पर समद्यांना कळली.

माझा नंबर आला तवा मी सासऱ्याचं सांगितलं. सुनंदाताई लिवून घेत व्हती. म्या सुरू केलं, "माझे सासरे मनमिळाऊ..."

काठी आपटली. "मनमिळाऊ? तुझ्या लग्नात टॉवेल आखूड मिळाला म्हणून रुसून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जाऊन बसला व्हता तो! जेवण बी ट्रॉलीतच केलं."

"आप्पा, मेलेल्या माणसाचं..."

"मग ट्रॉलीतला कोण, तू?"

व्हय, खरं तर मी बी व्हतो ट्रॉलीत. त्यांची समजूत काढाय गेलो, आन् तिथलं जेवण गरम हाय म्हणून बसलो. तसंच सांगितलं. बायको पत्र्याआडनं ऐकत व्हती. बाप गेल्यापासनं पयल्यांदा हसली. मग रडली. मग चार लोकांत माझ्या बापाची लाज काढली म्हणून दोन दिस मला शिळं वाढलं. म्हंजी बरी झाली.

असं समद्यांचं लिवून झालं. राहिलं एकाचंच. सुनंदाताई दर रविवारी इचारायची, "आप्पा, काकूचं कवा?" आप्पा म्हणायचे, "फुडच्या रविवारी." साल उलटलं, दुसरं उलटलं, तरी फुडचा रविवार काय येईना. एकदा मी गंमतीत म्हणलं, "आप्पा, काकूत दोष सापडंना का?" तर ते उठून गेले, आन् दोन रविवार आलेच न्हाईत. माझं तोंड हे असं. स्पीकरला बटण तरी असतं.

परवाच्या रविवारी मातर आप्पा इस्तरीचा सदरा घालून आले. माईकफुडं हुबं राहिले. खिशातनं कागद काढला. तोंड उघडलं, मिटलं. मग कागद माझ्या हातात दिला. "चष्मा इसरलो. तू वाच."

चष्मा नाकावर व्हता. आन् मला वाचाय येत न्हाई हे आख्ख्या तालुक्याला ठावं. मी कागद उघडला. दोन्ही बाजूनं कोरा. तेवढं मला बी कळतं.

समदे माझ्याकडं बघाय लागले. काय करायचं? दिलं ठोकून. "साळूकाकू. माहेर कासुर्डी..."

"कोरेगाव भीमा!" आप्पा म्हणले.

"कोरेगाव भीमा. काकूचा स्वभाव शांत..."

"शांत?" आप्पांनी माईक माझ्याफुडनं वढला. "सकाळी दूधवाल्याशी भांडण, दुपारी शेजारणीशी, संध्याकाळी माझ्याशी! अँब्युलन्समदी घातली तवा बी भांडत व्हती. समदे म्हणत्यात, काळजी घ्या, जपा. ही आतनं वरडती, 'दुधावर झाकण ठेवा, तुमाला कळत न्हाई काय!'"

आप्पांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"मी न्हाई ठेवलं झाकण. मांजर दूध पिऊन गेली. म्हणलं, आता घरी आली की कशी भांडती ते बघू. तशीच वाट बघत बसलो. आता तांब्या सांडला, ताट पडलं, तरी घरात कुणी काय म्हणत न्हाई."

तेवढ्यात दारात बायकांची कुजबुज. फुडं पारूबाई, आप्पांची शेजारीण. मग माझ्या ध्यानात आलं. सकाळी लग्नाच्या ऑर्डरसाठी छतावर दोन कर्णे टेस्टिंगला लावले व्हते, ते बंद करायचे राहिले. आप्पा आख्ख्या आळीला ऐकू गेले व्हते!

मी वायर वढाय धावलो. आप्पांनी काठी आडवी घातली.

पारूबाई पदर खोचून आत आली. "शेवग्याच्या शेंगांवरनं माझ्याशी अकरा वर्षं भांडली तुमची बायको. ते नका इसरू!"

"माझ्या कोंबड्यांना बी शिव्या द्यायची," मागची म्हणली. तिच्या मागची म्हणली, "माझं तर लुगडंच नाकारलं तिनं, रंग बघून!"

मला वाटलं, आता आप्पा उठून जात्यात. त्यांनी नवरीची लाल खुर्ची वढली, पारूबाईला दिली, आन् आपण समोर टेकले.

"शेवग्यावरनं काय म्हणली ती? नीट सांग. तिच्याच शब्दात."

पारूबाईनं सांगितलं. सगळं, शिव्यांसकट.

आप्पा अजून जवळ सरकले. "बरं. आन् मग?"