दगाजी नानांनी वाटलेली गाणी

दगाजी नाना लोकांना सर्दी द्यावी तशी गाणी द्यायचे. ते समोरून येताना दिसले की आमच्या गल्लीतली शहाणी माणसं बोळात शिरायची. मी कसली शहाणी! मी सापडायचेच. नाना डोक्यात अडकलेल्या गाण्याची एक ओळ माझ्या कानाशी गुणगुणायचे आणि म्हणायचे, "लई ले पोरी, आते तुन्हं!" म्हणजे ते गाणं आता तुझं. मग खुशाल हात झटकून चालू लागायचे.

आणि खरं सांगते, लागण व्हायचीच. मी तेव्हा बसने धुळ्याला कॉलेजला जायचे. नानांनी सकाळी दिलेलं गाणं तिसऱ्या तासापर्यंत माझा पिच्छा सोडायचं नाही. एकदा प्राध्यापक फळ्याकडे वळले आणि मी चक्क मोठ्यांदा गुणगुणले. वर्गाबाहेर काढलं हो मला!

नाना आमच्या गावच्या बस स्टँडवर गाड्या पुकारायचे. ते दिवस कॅसेटचे. एखादं गाणं गाजलं की रसवंतीवर तेच, पानटपरीवर तेच, रिक्षातही तेच. अशा जागी बसलेल्या माणसानं वाचायचं कसं? एकदा भडगावची गाडी त्यांनी अशाच एका गाण्याच्या चालीवर पुकारली, शेवटचं "फलाट दोन" दोनदा घोळवून. माणसं ऐकत हसत बसली आणि गाडी निघून गेली. साहेबांनी झापलं. नानांनी साहेबांनाही गाणं देऊन टाकलं.

एक दिवस मात्र माझं डोकं फिरलं. "नाना, तुमची ब्याद दुसऱ्याच्या गळ्यात का हो मारता?"

नाना हसले नाहीत. "पोरी, मना डोकामा तुन्ही काकूनं गाणं शे. बाकीना गाणा ऱ्हायनात ते तिन्हं निंघी जाई."

नानांच्या बायकोला, सुमनकाकूंना, जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे बाया झोके बांधून गाणी म्हणतात, त्यातलं एक काकूंचं लाडकं. ते डोक्यातून निघून जाऊ नये म्हणून नाना बाकीची गाणी वाटून टाकत; ते मात्र कुणाला कधी देत नसत. मला फार वाईट वाटलं. त्यानंतर मी आपणहून थांबायचे आणि कान पुढे करायचे.

पुढच्या वर्षी आखाजीच्या तोंडावर समोरच्या घरी लग्न निघालं. कर्णा थेट नानांच्या खिडकीकडे, आणि तीन दिवस एकच गाणं. कॅसेट संपली की उलटी फिरवायची, परत तेच! नाना हात जोडून आले. नवरदेवाचा काका म्हणाला, "नाना, लगीन शे, तेरावं नही!" सगळे हसले. नाना घरी जाऊन खिडकी लावून बसले.

आखाजीच्या सकाळी ते आमच्या दारात उभे. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"अक्का," ते माझ्या आईला म्हणाले, "मी इसरी गऊ. तिन्हं गाणं इसरी गऊ."

आई पुरणपोळ्या करत होती. काकूंच्या जोडीनं तिनं कितीतरी आखाज्या एकाच झोक्यावर काढल्या होत्या. तिनं हात धुतले, नानांना पाटावर बसवलं आणि गाणं म्हणायला घेतलं. आईचा गळा फार गोड.

नानांनी मान हलवली. "अशी नही."

"नाना, चाल हीच आहे."

"चाल हाईच शे. पन ती आठे चुके." त्यांनी बोटानं हवेत जागा दाखवली. "दुसरी ओळले. दरसाल चुके."

आईला आठवलं बहुतेक, कारण ती हसली आणि तिचे डोळे भरून आले. तिनं परत पहिल्यापासून सुरुवात केली, आणि दुसऱ्या ओळीवर काकूंसारखा सूर साफ सोडून दिला.

"हाई!" नाना म्हणाले, आणि पाटावर बसल्या बसल्या ढसाढसा रडले.