जपानला निघालेले हात

"आई, मी पहिल्या फेरीत पास झाले!" असं म्हणत कल्पिताने दारातच कमरेतून वाकून आईला नमस्कार केला. नमस्कार आपल्याकडचा नव्हे, जपानी. हात मांड्यांना चिकटलेले, पाठ ताठ, नजर जमिनीवर आणि मनातल्या मनात तीनपर्यंत मोजायचं. तीन वर्षं आरशासमोर सराव करून हे वाकणं तिच्या अंगात इतकं मुरलं होतं, की हल्ली रिक्षावाल्याने मीटरने यायला होकार दिला तरी ती वाकायची.

अंजनाबाई नुकत्याच अंधेरीच्या मासळीबाजारातून आल्या होत्या. रिकामी पाटी भिंतीला टेकवत त्यांनी विचारलं, "कशात पास झाली?"

"मुलाखतीत. जपानच्या कंपनीत!"

"करते काय ती कंपनी?"

इथे कल्पिता जरा अडखळली. "फूड प्रोसेसिंग."

"म्हंजे काय गो?"

"म्हणजे... मासे साफ करायचे."

अंजनाबाईंनी आधी लेकीकडे पाहिलं, मग पाटीकडे, आणि मग त्या खाली बसून जे हसत सुटल्या ते शेजारीण डोकावेपर्यंत. त्यांचं हसणं अगदीच चुकीचं नव्हतं. वेसाव्याच्या कोळीवाड्यात जन्मलेली ही पोर दहा वर्षांची असल्यापासून मासळीला हात लावत नव्हती. वासाने तिचं डोकं दुखायचं. जपानी ॲनिमे पाहून पाहून तिला सुशीचं वेड लागलं होतं, पण ती खायची काकडीची. वडील धाकू बोट घेऊन समुद्रात, आई बाजारात आणि लेक जपानी कार्टूनवाल्यांच्या पोस्टरखाली उशीत तोंड खुपसून, असं हे घर होतं. जपानला गेलं की या वासातून एकदाची सुटका, हे तिने कधीच पक्कं केलं होतं.

मग हा मासा मध्येच कुठून आला? तर परदेशात नोकऱ्या लावून देणाऱ्या मरोळच्या एजन्सीतून. तिथल्या मुकुल सरांनी तिचा अर्ज भरताना सांगितलं होतं, "हॉटेलच्या जागा भरल्या. एक मासळीची फॅक्टरी आहे फक्त. राहता कुठे?"

"वेसाव्याला."

"कोळी?"

"हो."

"मग अडलंय कुठे, मॅडम?" म्हणत मुकुल सरांनी अनुभवाच्या रकान्यात 'दहा वर्षं' लिहूनही टाकलं. कल्पितानेही तोंड उघडलं नाही. एकदा जपानला पोचू तर खरं, मग बदलून घेऊ दुसरं काम, हा तिचा बेत. शिवाय मासा कापणं हे रक्तातच असतं, वेळ आली की आपोआप जमेल, असा तिला दांडगा विश्वास होता.

वेळ लगेचच आली. दुसऱ्या फेरीचं पत्र आलं, त्यात लिहिलं होतं: शनिवारी सकाळी अकरा वाजता व्हिडिओ कॉल. एक मोठा मासा खवलं काढून, साफ करून, कापून दाखवावा. वेळ पंधरा मिनिटं. कॅमेरा हातांवर असावा.

हातात चार दिवस होते. पहिल्या दिवशी बांगडा तिच्या हातातून निसटला तो थेट फ्रिजखाली गेला. दुसऱ्या दिवशी तिने नाकाला बाम लावला, हातमोजे घातले आणि माशाला 'सॉरी' म्हणण्यात अर्धा तास घालवला. तिसऱ्या दिवशी एकदाचा कापला, पण डोकं कुठलं आणि शेपटी कुठली ते कापल्यावर तिलाच सांगता येईना. अंजनाबाई उंबऱ्यात बसून सगळं बघत होत्या.

"जाव दे तो जपान," त्या म्हणाल्या. "हितं काय कमी हाय तुना?"

"आई, मला तिथे राहायचंय. तीन वर्षं झाली, दुसरं काही मनातच येत नाही. ही एकच संधी आहे गं. गेली की गेली." बोलता बोलता कल्पिताचे डोळे भरून आले.

अंजनाबाईंनी पदराने लेकीचे डोळे पुसले. लेक जपानला गेली नाही तर त्यांना आनंदच होता. पण एक गोष्ट त्यांना आत कुठेतरी टोचत होती. पोरगी गणितात नापास झाली असती तर चाललं असतं, इंग्रजीत तर ती झालीही होती. पण अंजनाबाईची पोर मासा कापताना नापास? हे बाजारात कळलं असतं तर उद्यापासून पाटी कुठल्या तोंडाने मांडायची?

"कॅमेरा नुसता हातांवर ठेवणार ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग हात माझं. तोंड तुझं."

शनिवारी सकाळी बोरिवलीहून निमेश आला. तो कल्पिताच्या जपानी वर्गातला मित्र, ॲनिमेचं वेड तिच्याइतकंच, पण घर असं की अंडंसुद्धा कधी उंबरा ओलांडून आलेलं नाही. फोन धरण्याचं काम त्याच्याकडे होतं. पाटावरचा हातभर लांबीचा रावस पाहून तो पांढरा पडला.

"यार, हा माझ्याकडेच बघतोय."

"तू त्याच्याकडे बघू नकोस. फोन धर नुसता."

अकरा वाजता पडद्यावर कंपनीच्या परीक्षक मोरी-सान, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत मोरीबाई, प्रकट झाल्या. साठीच्या, पांढरी टोपी, चष्मा, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवणाऱ्या. कल्पिताने जपानीत सुरेख स्वागत केलं. मोरी-साननी मान हलवली आणि म्हणाल्या, "सुरू करा. आणि हो, हातांबरोबर चेहराही दिसू दे. मागच्या वेळी एका उमेदवाराने दुसऱ्याचे हात वापरले होते."

कल्पिताच्या पायाखालची जमीन सरकली. पण ही पोर संकटात हबकणारी नव्हती. तिने गोड हसून निमेशला डोळ्याने खुणावलं आणि निमेशने व्हिडिओ बंद केला.

"माफ करा, आमच्याकडे नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे. दोनच मिनिटं!" असं सांगून तिने आवाजही बंद केला.

"वाट लागली," निमेश म्हणाला. "सांगून टाक ना खरं."

"गप रे. माझा झगा आण. तो काळा."

गेल्या वर्षी ॲनिमेतल्या पात्रांसारखं नटायच्या एका कॉस्प्ले स्पर्धेसाठी तिने काळा, पायघोळ जपानी झगा शिवून घेतला होता. त्याच्या बाह्या इतक्या रुंद, की एकेका बाहीत एकेक माणूस मावावा. कल्पिता पाटासमोर बसली, आपले हात तिने पाठीशी आवळून धरले. अंजनाबाई तिच्या मागे बसल्या, डोकं लेकीच्या पाठीला टेकवलं, निमेशने दोघींवरून झगा ओढला आणि बाह्यांतून अंजनाबाईंचे दोन्ही हात बाहेर आले. एका हातात कोयता.

"आई, बांगड्या!"

"सोन्याच्या हायत, उतरत नाय आता. चालू कर."

"तुला दिसतंय का काही?"

"मासा कापायला बघायला कशाला लागतं?"

व्हिडिओ सुरू झाला. मोरी-साननी झग्याकडे पाहिलं. "हा पोशाख?"

"जपानबद्दलचा आदर म्हणून," कल्पिता म्हणाली. तोंडावर भाव असा, की झगा घातल्याशिवाय या घरात कोणी मासळीला हात लावत नाही.

आणि मग ते हात चालू लागले. एका हाताने शेपटी धरली, दुसऱ्याने खरवडायला सुरुवात केली, खवलं निमेशच्या दिशेने उडाली. निमेशने डोळे घट्ट मिटून घेतले, पण फोन धरलेला हात काही हलू दिला नाही. कल्ले निघाले, पोट फाटलं, आतलं सगळं एका झटक्यात बाहेर आलं. वर कल्पिता सरळ पडद्याकडे पाहत मोरी-सानना जपानमधल्या ऋतूंबद्दल सांगत होती. खाली कोयता पडत होता.

"तुम्ही माशाकडे बघतच नाही आहात," मोरी-सान म्हणाल्या. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी हललं.

"सवय आहे."

"काय बोलते गो ती?" पाठीमागून आवाज आला.

मोरी-सान पुढे झुकल्या. "कोण बोललं?"

"आमच्याकडे मासा कापताना त्याच्याशी बोलतात," कल्पिताने क्षणभरही न थांबता सांगितलं. "त्याचे आभार मानतात."

मोरी-साननी चष्मा काढला. तो पुसला. पुन्हा घातला. पाटावर एकसारखे, बोटभर जाडीचे तुकडे ओळीने मांडले गेले होते. अकरा मिनिटं झाली होती. "कल्पिता-सान," त्या सावकाश म्हणाल्या, "छत्तीस वर्षं मी या कामात आहे. असे हात मी फार थोडे पाहिले. अभिनंदन."

झालं. जपानच्या दारात पाऊल पडलंच होतं. कल्पिताचा ऊर भरून आला, आणि तीन वर्षांच्या सरावाने अंगात मुरलेलं ते वाकणं आपोआप घडलं. ती कमरेतून खाली वाकली. खोल, मनापासून, तीनपर्यंत मोजत.

एक म्हणेपर्यंत झगा पुढे ओढला गेला. दोन म्हणेपर्यंत तिच्या पाठीमागून अंजनाबाई उगवल्या: अंबाड्यात अबोलीची वेणी, कपाळावर ठसठशीत कुंकू, डोळे मिटलेले, आणि हात अजून लेकीच्या बाह्यांतून तुकडे सारखे करण्यात गुंतलेले. तीन म्हणताना कल्पिताला कळलं. निमेशला काहीच कळलं नाही, कारण त्याचे डोळे बंद होते, आणि फोन अगदी स्थिर होता.

 अंजनाबाईंनी डोळे उघडले, पडद्यावरच्या बाईंना पाहिलं आणि कोयता हातात तसाच ठेवून म्हणाल्या, "नमस्कार, बाय."

"ह्या कोण?" मोरी-साननी विचारलं.

आता खोटं बोलायला काही उरलंच नव्हतं. कल्पिताने मान खाली घालून सगळं सांगितलं: अर्ज, दहा वर्षं, फ्रिजखालचा बांगडा. माफीसाठी पुन्हा वाकावं की नाही, हे तिला कळेना.

मोरी-सान शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुमच्या आई झग्याच्या आत होत्या. म्हणजे त्यांनी तो मासा न बघता कापला?"

बुधवारी मुकुल सरांचा फोन आला. ते इतके गोंधळले होते की त्यांनी दोनदा पत्र वाचून दाखवलं. कंपनीने एका व्यक्तीची निवड केली होती. अंजनाबाई धाकू भानजी. काम, नव्या लोकांना मासा कापायला शिकवणं. मुदत दोन वर्षं. भाषेची अट नाही.

"आई, तू नाही म्हणणार ना?" कल्पिताने विचारलं. तिला नक्की कुठलं उत्तर हवं होतं, ते तिलाही माहीत नव्हतं.

अंजनाबाईंनी आपले हात उलटसुलट करून पाहिले. "चाळीस वरसं मासं कापते," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक म्हनतं, तुकडं बारीक कर, जाड कर, डोकं दे, डोकं नको. अभिनंदन कोनी म्हनला नाय." मग त्या उठल्या. "पासपोर्टला फोटू कसा लागतो गो? पदर घेऊन की बिनपदराचा?"

धाकूने फक्त इतकंच विचारलं, की बाजारातल्या जागेवर आता कोण बसणार. या प्रश्नाचं उत्तर घरात एकच होतं, आणि ते काळ्या झग्याची घडी घालत होतं.

आई विमानात बसली आणि चौथ्या दिवशी कल्पिता बाजारात बसली. पहिला महिना गिऱ्हाइकांनी तिला रडवलं. दुसऱ्या महिन्यात शेजारच्या बायकांनी तिचा कोयता धरायचा हात सरळ केला. चौथ्या महिन्यात डोकं दुखायचं थांबलं, आणि नेमकं कधी थांबलं ते तिला आठवेना. आई व्हिडिओ कॉलवर दिसायची, पांढऱ्या टोपीत, मागे बर्फ. "लय गप्प मानसं हायत गो हितली," ती सांगायची. "पन मी बोलते ना, म्हनून बरं चाललंय."

आठ महिन्यांनी कंपनीत पुन्हा जागा निघाल्या. कल्पिताने अर्ज भरला. अनुभवाच्या रकान्यात या वेळी 'आठ महिने' लिहिलं.

पुन्हा शनिवार, पुन्हा रावस, पुन्हा फोन धरायला निमेश. पडद्यावर मोरी-सान होत्या, आणि त्यांच्या शेजारी खुर्चीवर परीक्षक म्हणून अंजनाबाई. लेक समोर असूनही त्या हसल्या नाहीत. कल्पिताने कोयता उचलला. खवलं, कल्ले, पोट, तुकडे. साडेबारा मिनिटं. निमेशनेसुद्धा एक डोळा उघडून पाहिलं आणि म्हणाला, "झकास!"

अंजनाबाई पुढे झुकल्या. तुकड्यांवरून नजर फिरवली. "कन्याला रगताची रेघ ऱ्हायली हाय," त्या म्हणाल्या. "नापास."

मोरी-सानना मराठी येत नव्हतं. त्या कल्पिताकडे वळल्या आणि नम्रपणे म्हणाल्या, "आई काय म्हणाल्या, ते जरा जपानीत सांगाल का?"

निमेशने दुसराही डोळा उघडला. "पास सांग," तो ओठांतल्या ओठांत पुटपुटला. "तिकडे कोणाला कळणारे, यार? पास सांग ना!"

कल्पिताने तुकडा उचलून उजेडात धरला. कण्यालगत खरंच एक बारीक लाल रेघ होती. दोऱ्याइतकी.

"आई म्हणाली, नापास," तिने स्वच्छ जपानीत सांगितलं. "आणि तिचं बरोबर आहे. हा मासा मी माझ्या गिऱ्हाइकालाही दिला नसता."